चंद्रीसाठी बिघडवलेला कॅम

गाडी घेऊन आलेल्या माणसाला बाळूदा कांबळे कधीच "काय झालंय?" असं विचारत नसे. तो विचारायचा, "वझं काय असतंय?" म्हणजे गाडीवर बसतं कोण, मागं बांधलेलं काय असतं, रोज चढ कुठला लागतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "अवो, पळत न्हाय, जरा पिकप वाढवून द्या." बाळूदा हातातला पाना खाली ठेवून पुन्हा विचारायचा, "व्हय, पर वझं काय असतंय?" शेवटी तो बिचारा लाजत सांगायचा की दर रविवारी सासूबाईंना जोतिबाला न्यावं लागतं. "मग तसं सांग की मर्दा! सासूचं इंजिन येगळं, शर्यतीचं येगळं," असं म्हणून बाळूदा कामाला लागायचा. सासूबाईंचा उल्लेख तोवर अख्ख्या गल्लीनं ऐकलेला असायचा.

नव्वदीच्या दशकात मी त्याच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मूळ गाव गारगोटी, नोकरी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात. खोली दाखवणाऱ्यानं खाली गॅरेज आहे एवढंच सांगितलं होतं. त्या गॅरेजात बाळूदा आहे हे त्यानं शहाणपणानं लपवलं. मला आवाजाचा भारी तिटकारा. पहिल्याच आठवड्यात मी तावातावानं भांडायला खाली उतरलो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला आणि "पावणं, आलायसाच तर जरा ह्यो धरा" म्हणून माझ्या हातात टॉर्च दिला. ते भांडण तसंच राहून गेलं. पुढं इतकी वर्षं शेजार झाला तरी मी त्याच्या लेखी पावणंच राहिलो.

बुटका, मान जाड, आवाज असा की कुजबूज केली तरी समोरचा चहावाला वळून बघायचा. उजव्या हाताची तर्जनी मात्र तो बाईनं पैठणी जपावी तशी जपायचा. तिला चटका लागू द्यायचा नाही, खरचटू द्यायचं नाही. ह्या बोटापायी तो तांबडा रस्सा चमच्यानं खायचा. कोल्हापुरात राहून रस्सा चमच्यानं! त्याच्या मेहुण्यांनी ह्यावरून त्याची लग्नापासून थट्टा चालवली होती. त्याची बायको, शोभावहिनी, वाढताना म्हणायच्या, "सायेब आलं. चमचा द्या." बाळूदा शांतपणे जेवायचा.

त्या बोटाचं काम मला टॉर्च धरता धरता कळलं. इंजिनाच्या वर सिलेंडर हेड बसतं. त्यात दोन वाटा असतात, एक हवा आणि पेट्रोल आत यायची, दुसरी धूर बाहेर जायची. ह्या वाटा आतून घासून नीट करायच्या, ह्याला म्हणतात पोर्टिंग. बाळूदा डोळे मिटून वाटेत बोट घालायचा आणि खडबड, फुगवटा, धार शोधत राहायचा. गॅरेजच्या कोपऱ्यात त्यानं लोहाराच्या भात्याचा पंखा आणि काचेची वाकडी नळी जोडून एक यंत्र केलं होतं. पंखा सुरू केला की नळीतलं गुलाबी पाणी चढायचं, आणि वाटेतनं वारा कसा जातो ते त्याला त्यावरून समजायचं. ते पाणी बघायला तो मला ऑफिसला जाताना अडवायचा. मला उशीर व्हायचा, साहेब बोलायचे, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थांबायचो.

ताकद वाढवायचा दुसरा मार्ग कॅमचा. वाटेच्या तोंडाशी झडप असते. ती कधी उघडायची, किती उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची हे कॅम नावाचा एक फिरता लोखंडी उंचवटा ठरवतो. त्याचा आकार बदलला की झडपेचं वागणं बदलतं.

"इस्कटून सांगतो," बाळूदा म्हणायचा. "पोर्टिंग म्हंजी दाराची वाट नीट करायची. कॅम म्हंजी दार जास्त येळ उघडं ठेवायचं. आता तुमच्या खोलीचं दार जास्त येळ उघडं ठिवलं तर काय हुईल?"

"तुमचा आवाज जास्त येईल."

"बराबर! नगं त्ये बी आत येतंय. सावकाश चालणाऱ्या गाडीला त्यो कॅम सोसत न्हाय. भरधाव पळणाऱ्याला सोसतोय."

म्हणून त्याचा कल पोर्टिंगकडे. त्यातही तो वाट मोठी करण्याच्या विरुद्ध होता. हे त्यानं भाचीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला पटवून दिलं. जेवणाच्या हॉलच्या दाराशी ही गर्दी तटली होती. कार्यालयाचा मॅनेजर दाराची दुसरी फळी उघडायला धावला, तर वधूचा सख्खा मामा आडवा उभा. "दाराला हात लावू नका! दार मोठंच हाय, वळणावर तटतंय!" आत गेल्या गेल्या जिथं माणसं वळत होती, तिथंच कुणीतरी आइस्क्रीमचं टेबल मांडलं होतं. बाळूदानं ते स्वतः ओढून बाजूला केलं आणि गर्दी खरंच सुटली. तिकडं मंगलाष्टकांना मामा हवा म्हणून गुरुजी खोळंबले होते असं मेहुणे सांगत. ते लग्न बौद्ध पद्धतीनं झालं होतं, तिथं गुरुजी कुठले आणि मंगलाष्टकं कुठली, पण मेहुण्यांना गोष्ट रंगवायची असली की असल्या बारीक बाबी आड येत नसत.

एकदा एक तरणा गडी दोनशे मीटरवरनं ऐकू येणारी टू-स्ट्रोक गाडी घेऊन आला. "दादा, रेसिंगचा कॅम टाका. पैशाचं बघू नका." टू-स्ट्रोक गाडीला कॅमच नसतो, हे मलाही तोवर माहीत झालं होतं. बाळूदानं गाडी आत घेतली, त्याला पाने दिले आणि म्हणाला, "तुझा जुना कॅम तेवढा काढून दे, त्याच्या मापानं नवा करतो." त्या गड्यानं दुपारपर्यंत अर्धी गाडी खोलली. बाळूदानं मधे त्याला चहा पाजला, वडा खायला घातला. शेवटी गडी रडकुंडीला आला, तेव्हा त्यानं सगळं समजावून सांगितलं आणि गाडी स्वतः जोडून दिली. मी त्याला म्हटलं, हा दुष्टपणा झाला. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर इसरला असता."

असा हा माणूस स्वतःच कॅमच्या नादाला लागला. पुण्याकडच्या कुठल्याशा शर्यतीला गेलतो म्हणाला, तिथं कॅम बदललेली एक गाडी ऐकली. परत आला तो वेगळाच. जेवताना ठेका धरायचा. जुने कॅम आणून घासायचा, आकार बदलायचा, गाड्यांना बसवून बघायचा. पोर्टिंगचं यंत्र धूळ खात पडलं. आणि ह्या भरात पलीकडच्या गल्लीतले सदाण्णा त्यांची बुलेट घेऊन आले.

सदाण्णा दुधाच्या धंद्यातले. सकाळी गडमुडशिंगीला जायचे, भरलेल्या किटल्या बुलेटच्या दोन्ही अंगाला अडकवून यायचे. टेंबलाईच्या चढाला गाडी धापा टाकत होती, एवढीच त्यांची तक्रार. वझं काय असतंय, हे त्या दिवशी बाळूदानं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, किटल्या समोर लटकत होत्या. पण त्या त्याला दिसल्या नाहीत. त्यानं गाडीचे मूळचे कॅम काढले, घासून त्यांना नवा आकार दिला आणि परत बसवले. गाडी हायवेला सुसाट सुटली. चढाला किटल्या भरलेल्या असल्या की आधीपेक्षा जास्त खोकायला लागली. सदाण्णा भिडस्त, शिवाय त्यांना तो वेग थोडा आवडलाही असावा. ते काही बोलले नाहीत.

सदाण्णांची एक म्हैस होती, चंद्री. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं. मालक मोटारसायकलवर बसतो, सायलेन्सर काढून टाकतो, आणि गाडीच्या मागं म्हैस धावते. दोरी नाही, काठी नाही. एवढ्या गोंगाटात, इतक्या गाड्यांमध्ये ती आपल्या मालकाची गाडी ओळखून नेमकी तिच्याच मागं जाते. चंद्री रेडकू असल्यापासून त्या बुलेटशेजारी वाढली होती. बुलेट गल्लीच्या तोंडाशी आली की गोठ्यातून तिची हाक यायची. त्यावर आपली बायको चहाचं आधण ठेवते असं सदाण्णा कौतुकानं सांगत.

कॅम बदलल्यापासून ती हाक बंद झाली. म्हातारी झाली, कान गेले, असं सदाण्णांनी मनाशी धरलं.

त्या पाडव्याला मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. सदाण्णांनी बुलेट सुरू केली आणि पुढं काढली. नटवलेली चंद्री जागेवर उभी राहिली. मान वर करून चारी दिशांना बघत राहिली. सदाण्णा पुढं जाऊन वळून आले, पुन्हा पुढं गेले. चंद्रीनं दोन पावलं भलत्याच गाडीमागं टाकली, थांबली, आणि वळून एकटीच घराकडं चालू लागली. लोक हसले. आमच्या लोकांचं हसणं काही हळू नसतं.

त्याच दुपारी सदाण्णा गॅरेजात आले. कपाळावरचा गुलाल तसाच होता.

"आवाज परत दे," ते म्हणाले.

"आण्णा, आवाजाचा काय संबंध? जनावराला मानूस कळतोय."

"मी त्योच हाय. गाडी तीच हाय. म्हस तीच हाय. मग बदललंय काय, सांग."

बाळूदानं हातातला पाना खाली ठेवला.

"तिचं वय झालंय," सदाण्णा म्हणाले. "फुडल्या पाडव्याला एकदा पळंल. त्याच्याफुडं मी तिला पळवणार न्हाय. हसं करून घेऊन ती काय मरायाची न्हाय. कळलं?"

वर्षभराची मुदत होती, आणि काम सोपं वाटत होतं. बाळूदानं नवे कोरे कॅम आणून बसवले. गाडी गोठ्याबाहेर नेऊन सुरू केली. चंद्रीनं मान वर केली, क्षणभर ऐकलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. सदाण्णा म्हणाले, "नव्या गाडीगत वाजतीया." तेव्हा बाळूदाच्या ध्यानात आलं. जुने कॅम वर्षानुवर्षं झिजलेले होते. एक जास्त, एक कमी. त्या झिजेमुळं ठोक्यात एक लंगड होती, आणि चंद्रीला ओळखीची होती ती लंगड. ती तर त्यानं स्वतःच्या हातानं घासून टाकली होती.

आता काय करायचं? इंजिनं सुधारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला एक इंजिन बिघडवायचं होतं, आणि तेही हुबेहूब. जास्त बिघडूनही चालणार नव्हतं. बाळूदानं नवे कॅम काढले आणि बारीक दगडानं झिजवायला बसला. एवढं एवढं घासायचं, बोट फिरवायचं, जोडायचं, गोठ्यावर न्यायचं. परत खोलायचं.

"पावणं, वरनं इतकी वर्सं ऐकलीसा की. जुनी कशी वाजायची?"

मी एका जबाबदार ऑफिसातला माणूस. तरी गॅलरीत उभा राहून "धग्, धग्, ध-धग्" असं ओरडून दाखवलं. सदाण्णा खालून म्हणाले, तसं नाही, "धग्-धा, धग्-धा." समोरचा चहावाला तिसरंच म्हणाला. रस्त्यावर माणसं जमली. ज्यानं त्यानं आपापली बुलेट तोंडानं वाजवून दाखवली. बाळूदानं सगळ्यांना हाकललं आणि म्हणाला, "न्हाय. तिलाच इचारतो."

त्यानंतर तो चंद्रीला विचारत राहिला. रिकामा वेळ मिळाला की गोठ्यात जाऊन बसायचा. कुठल्या आवाजाला तिचा कान फिरतो, कुठल्या आवाजाला मान वर होते, हे बघायचा. मित्रांच्या जुन्या बुलेट गोठ्याबाहेर आणून एकेक सुरू करायला लावायचा. एका संध्याकाळी धावत वर आला. मला वाटलं आग लागली. "पावणं, रवंथ थांबला! ती आयकाय लागली की तोंड हलायचं थांबतंय!" त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी शर्यत जिंकलेल्या गाड्यांच्या वेळीही पाहिला नव्हता. शोभावहिनींनी विचारलं, तिकडंच अंथरूण टाकून देऊ काय? तो खरोखर विचारात पडला.

मधल्या काळात त्यानं हेड उतरवलं आणि सदाण्णांची परवानगी मागितली.

"चढाचं काम ऱ्हायलंय न्हवं? वाट नीट करतो. मोठी करत न्हाय, वळण तेवढं घासतो. आवाजाला हात लावत न्हाय."

सदाण्णांनी त्याच्याकडं संशयानं पाहिलं. मग मान हलवली. बाळूदानं पंख्यावरची धूळ पुसली, नळीत गुलाबी पाणी भरलं आणि डोळे मिटून वाटेत बोट घातलं. किटल्या घेऊन बुलेट टेंबलाईचा चढ न खोकता चढायला लागली. आधीच हे केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, हे त्याला माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आत, माझ्याकडं न बघता तोच म्हणाला, "म्हाइत हाय."

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी बुलेट गल्लीत शिरली आणि गोठ्यातून हाक आली. मी दाढी करत होतो, मी स्वतः ऐकली. सदाण्णांनी भर रस्त्यात गाडी थांबवून बाळूदाला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी मात्र हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इंजिन गार असताना एक आवाज, तापल्यावर दुसरा. बाळूदा पुन्हा दगड घेऊन बसला. बोटाची जपणूक केव्हाच संपली होती. तर्जनीला चिंधी बांधलेली असायची आणि तीही काळी झालेली. कधी हाक यायची, कधी यायची नाही. खात्री अशी शेवटपर्यंत झाली नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी सदाण्णा आले.

"उद्या गाडीवर तू बसायचंस."

"मी? आण्णा, म्हस तुमची."

"आवाज तुझा हाय. आली तर आली. न्हाय आली तर औंदा लोकांनी तुला हसूदे. गेल्या साली मला हसून झालंय."

बाळूदाला नाही म्हणता आलं असतं. पण तो सरळ गाडीपाशी गेला.

त्या पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत आमची फाउंड्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेली, मी खोली सोडली, आणि पुढं कामानं मला कोल्हापूरबाहेरच नेलं. बाळूदा गेल्याचं मला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तेव्हा मला रडू आलं. त्याला शेवटचं नीट पाहिलं ते त्या पाडव्याला, म्हणून तेवढं सांगतो.

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. इंजिन आधी फिरवून बेतानं तापवून आणलं होतं. चंद्रीच्या शिंगांना तांबडा रंग, गळ्यात कवड्या. सदाण्णा तिच्या तोंडाशी दोरी धरून माझ्या शेजारी उभे होते. मागच्या वर्षी हसलेले सगळे ह्याही वर्षी वेळेवर हजर. बाळूदानं किक मारली. सायलेन्सर नसल्यामुळं कानठळ्या बसल्या, पण त्या दणक्यातही मला ती लंगड ऐकू आली, आणि इतकी वर्षं ज्या आवाजानं माझी झोपमोड केली तोच मी कान देऊन ऐकत राहिलो. गाडी निघाली. सदाण्णांनी दोरी सोडून दिली.

चंद्री हलली नाही. गाडी पुढं, आणखी पुढं. माझ्यामागं कुणीतरी हसायला सुरुवात केली. मग तिनं नाक वर केलं, एक लांब हाक मारली आणि अशी धावली की माणसं भराभर बाजूला झाली. बघता बघता तिनं बुलेटला गाठलं. तिचं तोंड बाळूदाच्या पांढऱ्या शर्टाला लागेल इतकं जवळ होतं.

बाळूदाला हे दिसत नव्हतं. मागं वळावं तर वेगाची मूठ हलणार, मूठ हलली की ठोका बदलणार, आणि ठोका बदलला की ती थांबणार. त्यानं नजर समोर रोखली होती, अंगठाही हलवत नव्हता. चेहरा पडलेला. नुसता ओरडत होता, "हाय काय? मागं हाय काय?" दोन्ही बाजूंची माणसं हात वर करकरून त्याला सांगत होती, "हाय! हाय! मागंच हाय!" सदाण्णा धोतर सावरत, रडत, त्याच्या बाजूनं पळत सांगत होते. पण सायलेन्सर काढलेल्या बुलेटवर बसलेल्या माणसाला काही ऐकू जात नाही. तो तसाच, आम्हाला विचारत विचारत, वळणापलीकडं गेला, आणि चंद्री त्याच्या मागोमाग.